वाचकांचे प्रश्न : बेसबॉलचे विक्रम कसे वाचायचे?

या वेळच्या प्रश्नांत बेसबॉलचे प्रश्न जास्त आले. बहुतेकांची अडचण एकच आहे. क्रिकेटच्या सवयीने आपण आकडा पाहतो, पण तो कोणत्या वर्षीच्या नियमांत झाला हे पाहायचं राहून जातं. बेसबॉलमध्ये नियम बाजूला काढला तर आकडा अर्धाच कळतो. म्हणून प्रत्येक उत्तरात नियमही दिला आहे.

प्रश्न : टेड विल्यम्सची १९४१ ची सरासरी ०.४०६ होती आणि ती अफाट मानली जाते. क्रिकेटमध्ये ५० ची सरासरी चांगली. मग ०.४०६ म्हणजे कशाला कशाने भागायचं? (सांगली)

क्रिकेटमध्ये आपण धावांना बाद होण्याच्या संख्येने भागतो. बेसबॉलच्या या सरासरीत धावा येतच नाहीत. इथे हिटच्या संख्येला ‘अॅट-बॅट’च्या संख्येने भागतात. फटका मारून, क्षेत्ररक्षकाच्या चुकीचा आधार न घेता, फलंदाज किमान पहिल्या बेसवर सुखरूप पोचला की एक हिट झाली. (बेस म्हणजे मैदानावरचे चार थांबे : फलंदाज उभा राहतो तो होम, मग पहिला, दुसरा, तिसरा. फिरून होमला आलं की धाव.) होम रन (एका फटक्यात सगळे बेस फिरून येणं) मारला तरी एकच हिट आणि एका बेसचा साधा फटका असला तरी एकच हिट.

घोटाळा होतो तो अॅट-बॅटमध्ये. फलंदाजीची प्रत्येक पाळी अॅट-बॅट नसते. चार ‘बॉल’ (टप्प्याबाहेर टाकलेले चेंडू) मिळून वॉक, म्हणजे पहिला बेस फुकट, मिळाला, चेंडू अंगावर लागला, धावपटूला पुढे सरकवण्यासाठी स्वतः बाद होऊन बंट केला (बॅट न फिरवता चेंडू हळूच ढकलला), किंवा उंच फटक्यावर झेल गेला पण तिसऱ्या बेसवरचा गडी धावून आला (याला सॅक्रिफाइस फ्लाय म्हणतात), तर ती पाळी हिशेबातून वगळतात. समजा एका सामन्यात एकाला पाच पाळ्या मिळाल्या : एक साधी हिट, एक वॉक, एक झेलबाद, एक सॅक्रिफाइस फ्लाय, एक होम रन. अॅट-बॅट तीन, हिट दोन, सरासरी ०.६६७. क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू सुटल्यामुळे फलंदाज बेसवर पोचला तर मात्र अॅट-बॅट धरतात आणि हिट देत नाहीत. गणित करताना बहुतेकांचं चुकतं ते याच ठिकाणी. हंगामाच्या सरासरीच्या यादीत येण्यासाठी संघाच्या दर सामन्यामागे ३.१ पाळ्या लागतात, म्हणजे १६२ सामन्यांच्या हंगामात ५०२.

आता विल्यम्स. २८ सप्टेंबर १९४१ ला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या बोस्टन संघाचे फिलाडेल्फियात लागोपाठ दोन सामने होते. सकाळी त्याच्या नावावर ४४८ अॅट-बॅटमध्ये १७९ हिट होत्या, म्हणजे ०.३९९५५. तीन दशांश स्थळांपर्यंत घेतलं तर ०.४००. तो बाहेर बसला असता तरी पुस्तकात ०.४०० लागलं असतं, आणि व्यवस्थापक जो क्रोनिनने त्याला तशी मुभाही दिली होती. तो खेळला. पहिल्या सामन्यात पाचांत चार, दुसऱ्यात तिनांत दोन. ४५६ मध्ये १८५, म्हणजे ०.४०५७. शिवाय सॅक्रिफाइस फ्लाय वगळण्याचा आजचा नियम १९५४ पासूनचा आहे. १९४१ मध्ये त्या पाळ्या अॅट-बॅटमध्ये धरल्या जात, म्हणजे फलंदाजाच्या विरोधात जात. विल्यम्सचा आकडा आजच्यापेक्षा कडक हिशेबातला आहे आणि त्याचं मोल त्यामुळे आणखी वाढतं.

प्रश्न : ०.४०० ओलांडणारा विल्यम्स हा शेवटचा, असं जुन्या पुस्तकांत आहे. पण कारकिर्दीच्या सरासरीत आता टाय कॉबऐवजी जॉश गिब्सनचं नाव दिसतं. कॉबची सरासरीसुद्धा कुठे ०.३६६, कुठे ०.३६७ छापतात. काय बदललं? (बडोदा)

दोन वेगळ्या गोष्टी बदलल्या. आधी गिब्सन. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून खेळेपर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलची, दारं बंद होती. त्यांच्या स्वतःच्या व्यावसायिक लीग होत्या, त्यांना नीग्रो लीग म्हणतात. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातल्या अशा सात लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिळवले. त्यानुसार कारकिर्दीच्या सरासरीत गिब्सन ०.३७२ सह पहिला, कॉब ०.३६७ सह दुसरा. एका हंगामाच्या सरासरीतही गिब्सनची १९४३ ची ०.४६६ वर गेली. त्याआधी तिथे ह्यू डफीची १८९४ ची ०.४४० होती.

या लीगचे अधिकृत हंगाम लहान असत, म्हणून काही जण या बदलावर नाराज आहेत. पण २०२० मध्ये साथीमुळे मेजर लीगचा हंगामही ६० सामन्यांचाच झाला आणि त्याचे आकडे कुणी वगळले नाहीत. आमच्या मते हा बदल योग्यच आहे आणि फार उशिरा झाला. तेव्हा विल्यम्सबद्दल लिहिताना ‘अमेरिकन आणि नॅशनल लीगमधला (मेजर लीगचे हे दोन भाग) शेवटचा’ असं लिहावं. तेच बरोबर आहे.

आता कॉब. १९१० मध्ये फलंदाजीत पहिल्या येणाऱ्याला चाल्मर्स कंपनीची मोटार मिळणार होती. शर्यत कॉब आणि नॅप लाजोई यांच्यात होती. शेवटच्या दिवशी सेंट लुईसने आपला तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक मुद्दाम मागे उभा केला आणि लाजोईने दोन सामन्यांत आठ हिट घेतल्या, त्यातल्या बहुतेक बंट करून. कॉबला हरवण्यासाठी केलेली ही मदत होती. तरीही कॉब पहिला जाहीर झाला आणि कंपनीने दोघांनाही मोटारी दिल्या. सत्तर वर्षांनी, १९८१ मध्ये, असं छापून आलं की लीगच्या वहीत कॉबचा त्या १९१० च्या हंगामातला एक सामना दोनदा चढवला होता : तीन अॅट-बॅट, दोन हिट. त्या काढल्या तर कारकिर्दीच्या हिट ४,१९१ ऐवजी ४,१८९ होतात. मेजर लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, बोवी कून यांनी दुरुस्ती नाकारली. म्हणून अधिकृत नोंदीत ४,१९१ आणि ०.३६७ आहे, तर काही संशोधक ४,१८९ आणि ०.३६६ धरतात.

त्या दोन हिटचा परिणाम पुढेही झाला. पीट रोझने ११ सप्टेंबर १९८५ ला सिनसिनाटीत ४,१९२ वी हिट घेतली आणि विक्रम मोडला म्हणून जल्लोष झाला. ४,१८९ खरा धरला, तर तो विक्रम तीन दिवस आधीच, ८ सप्टेंबरला शिकागोत मोडला होता.

प्रश्न : रॉजर मॅरिसच्या ६१ होम रनपुढे खरंच तारांकित खूण होती का? (पुणे)

छापील खूण कधीच नव्हती. बेब रूथने १९२७ मध्ये ६० होम रन मारले तेव्हा हंगाम १५४ सामन्यांचा होता. १९६१ मध्ये अमेरिकन लीगमध्ये दोन संघ वाढले आणि हंगाम १६२ सामन्यांचा झाला. जुलै १९६१ मध्ये कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी जाहीर केलं की विक्रम १५४ सामन्यांत मोडला नाही तर तो वेगळा दाखवावा. १५४ सामन्यांनंतर मॅरिसचे ५९ होते. ६१ वा त्याने १ ऑक्टोबरला, शेवटच्या सामन्यात, बोस्टनच्या ट्रेसी स्टॅलार्डच्या चेंडूवर मारला. पुढे अनेक नोंदींत दोघांचे विक्रम वेगवेगळे छापले गेले आणि लोकांच्या तोंडी ‘खूण’ राहिली. १९९१ मध्ये कमिशनर फे व्हिन्सेंट यांच्या समितीने हा भेद काढून टाकला. तोवर मॅरिसला जाऊन सहा वर्षं झाली होती.

सामने मोजण्याऐवजी पाळ्या मोजल्या तर हा वाद बराच निवळतो : रूथच्या ६९१, मॅरिसच्या ६९८. फरक सात पाळ्यांचा.

प्रश्न : हार्वी हॅडिक्सने ३६ फलंदाज ओळीने बाद केले, तरी ‘परफेक्ट गेम’च्या यादीत त्याचं नाव नाही. का? (मडगाव)

आधी दोन शब्द वेगळे करू. नो-हिटर म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकही हिट नाही, पण वॉक किंवा क्षेत्ररक्षणातली चूक चालते. परफेक्ट गेम म्हणजे एकही गडी बेसवरच पोचला नाही : नऊ डाव (प्रत्येक डावात तीन बाद), २७ फलंदाज, २७ बाद. २०२४ च्या हंगामाअखेर असे फक्त २४ सामने आहेत.

२६ मे १९५९ ला मिलवॉकीत पिट्सबर्गचा पिचर (गोलंदाज) हॅडिक्स याने १२ डावांत ३६ जणांना ओळीने परत पाठवलं. पण त्याच्या संघालाही धाव निघेना, म्हणून सामना चालूच राहिला. तेराव्या डावात तिसऱ्या बेसवरच्या डॉन होकची फेक चुकली आणि फेलिक्स मँटिया पहिल्या बेसवर पोचला. परफेक्ट गेम तिथे संपला. बंटवर मँटिया दुसऱ्या बेसवर गेला, हँक अॅरनला मुद्दाम वॉक दिला, आणि जो अॅडकॉकने चेंडू कुंपणापार मारला. अॅरनला वाटलं विजयी धाव झाली, म्हणून तो वाटेतूनच वळला. अॅडकॉक त्याला ओलांडून पुढे गेला आणि त्यासाठी बाद ठरला. त्याचा होम रन कागदावर दोन बेसचा फटका झाला आणि निकाल १-० लागला.

१९९१ मध्ये समितीने व्याख्या पक्की केली : सामना किमान नऊ डावांचा हवा आणि तो संपेपर्यंत हिट नको. या निकषाने ५० सामने यादीतून गेले, त्यात हॅडिक्सचाही. आदल्याच वर्षी अँडी हॉकिन्सने एकही हिट दिली नव्हती, पण त्याचा पाहुणा संघ मागे असल्याने यजमानांना नववा डाव खेळावाच लागला नाही, म्हणून त्याने आठच डाव टाकले आणि तो ०-४ ने हरला. त्याचंही नाव गेलं. व्याख्या तर्काला धरून आहे. तरी हॅडिक्सच्या त्या १२ डावांहून सरस पिचिंग एका सामन्यात कुणी केलेलं आम्हाला माहीत नाही.

२ जून २०१० चा डेट्रॉइटचा सामनाही इथेच सांगायला हवा. आर्मांडो गलारागाने २६ जण बाद केले आणि सत्ताविसावा पहिल्या बेसवर स्पष्ट बाद असताना पंच जिम जॉइसने त्याला सुखरूप ठरवलं. तेव्हा अशा निर्णयासाठी रिप्ले नव्हता. तो २०१४ पासून आला. जॉइसने चूक त्याच रात्री कबूल केली, पण नोंद ‘एक हिट’ अशीच राहिली.

प्रश्न : पिचरचं अंतर ६० फूट ६ इंच असं विचित्र का? मोजणी करणाऱ्याने आराखड्यातलं शून्य सहा वाचलं असं ऐकलं आहे. (नाशिक)

ती दंतकथा आहे. १८९२ पर्यंत पिचर आखलेल्या चौकटीतून चेंडू टाकत असे. चौकटीची पुढची रेघ होम बेसपासून ५० फुटांवर होती आणि चौकट साडेपाच फूट खोल. टाकताना मागचा पाय मागच्या रेघेवर ठेवावा लागे, म्हणजे खरं अंतर ५५ फूट ६ इंच. १८९३ मध्ये चौकट काढून रबरी पट्टी बसवली आणि ती पाच फूट मागे नेली. ५५ फूट ६ इंच अधिक ५ फूट. एवढंच. फलंदाजांना चेंडू पाहायला जास्त वेळ मिळाला. डफीची ०.४४० पुढच्याच वर्षीची, हे लक्षात ठेवावं.

अंदाजासाठी : क्रिकेटमध्ये एका टोकाच्या यष्टींपासून दुसऱ्या टोकाच्या यष्टींपर्यंत ६६ फूट, आणि पॉपिंग क्रीजपासून पॉपिंग क्रीजपर्यंत ५८ फूट.

पिचर उभा राहतो त्या उंचवट्याचीही अशीच गोष्ट. १९६८ मध्ये तो १५ इंच होता. त्या वर्षी बॉब गिब्सनने ३०४ पूर्णांक दोन तृतीयांश डावांत फक्त ३८ ‘अर्न्ड’ धावा दिल्या, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा वगळून. त्याला ९ ने गुणून डावांनी भागलं की १.१२. डेनी मॅक्लेनने ३१ सामने जिंकले आणि त्यानंतर एकाही पिचरने एका हंगामात ३० गाठलेले नाहीत. अमेरिकन लीगमध्ये फलंदाजीत पहिला आलेल्या कार्ल यास्त्रेम्स्कीची सरासरी जेमतेम ०.३०१. म्हणून १९६९ पासून उंचवटा १० इंचांवर आणला आणि स्ट्राइकची चौकटही (चेंडू जिच्यातून गेला तर फलंदाजाविरुद्ध ‘स्ट्राइक’ धरतात ती कल्पित चौकट) लहान केली. गिब्सनचं १.१२ त्या १५ इंचांसकट वाचायचं.

प्रश्न : मुलीला घेऊन सामना पाहायला जातो. तिला स्कोअरकार्ड भरायला शिकवायचं आहे. सुरुवात कुठून करू? (न्यू जर्सी)

सुरुवात नऊ आकड्यांपासून करा. हे आकडे क्षेत्ररक्षणाच्या जागांचे आहेत, जर्सीवरचे नाहीत. नवशिके पहिल्याच डावात इथे फसतात. पिचर १, कॅचर (फलंदाजामागे बसणारा) २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, लेफ्ट फील्ड ७, सेंटर ८, राइट ९. शॉर्टस्टॉप सरकून कुठेही उभा राहिला तरी तो ६ च.

कार्डावर प्रत्येक पाळीसाठी एक चौकोन आणि त्यात एक चौकट-आकृती असते. खालचा कोपरा होम, उजवा पहिला बेस, वरचा दुसरा, डावा तिसरा. गडी जसा पुढे जाईल तशी रेघ ओढायची आणि धाव पूर्ण झाली की आकृती भरून टाकायची.

अर्धा डाव, म्हणजे एका संघाची फलंदाजी, भरून पाहा. पहिल्या फलंदाजाला वॉक : ‘बीबी’ (वॉकचं इंग्रजी लघुरूप) लिहा, होमपासून पहिल्या बेसपर्यंत रेघ. दुसऱ्याने शॉर्टस्टॉपकडे सरपटता फटका मारला. शॉर्टस्टॉपने दुसऱ्या बेसवर फेकला, तिथून पहिल्या बेसवर, दोघेही बाद. पहिल्या फलंदाजाच्या चौकोनात ६-४ आणि वर्तुळात १. दुसऱ्याच्या चौकोनात ६-४-३ आणि वर्तुळात २. तिसऱ्याने तिसरा स्ट्राइक (तीन झाले की फलंदाज बाद, यालाच स्ट्राइकआउट म्हणतात) बॅट न फिरवता सोडला : इंग्रजी ‘के’ अक्षर उलटं काढा आणि वर्तुळात ३. बॅट फिरवून हुकला असता तर ‘के’ सरळ. डाव संपला की त्या चौकोनाच्या कोपऱ्यात तिरकी रेघ मारा, म्हणजे पुढच्या डावात कुणापासून सुरुवात हे शोधावं लागत नाही. बदली खेळाडू आला की दोन चौकोनांमधली उभी रेघ ठळक करा. हे विसरलं तर सातव्या डावानंतर कार्डाचा काही अर्थ लागत नाही.

शेवटी ताळा करायचा. संघाच्या एकूण पाळ्या = झालेल्या धावा + बेसवर अडकलेले गडी + बाद झालेले गडी. जुळलं नाही तर बहुधा एखादा बेसवर राहिलेला गडी मोजायचा राहिलेला असतो.

सामन्याचा तक्ता छापण्याची आणि ‘के’ लिहिण्याची पद्धत रुळवणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा आणि आधी क्रिकेटची वार्तापत्रं लिहिणारा होता. ‘स्ट्रक’ या इंग्रजी शब्दाचं शेवटचं अक्षर म्हणून ‘के’.

प्रश्न : डावात तीनच बाद असतात. मग एका डावात चार स्ट्राइकआउट अशी नोंद कशी होते? (मुंबई)

तिसरा स्ट्राइक कॅचरने नीट पकडला नाही आणि पहिला बेस रिकामा असेल, किंवा दोन गडी बाद झालेले असतील, तर फलंदाज पहिल्या बेसकडे धावू शकतो. तो पोचला तर बाद नाही, पण पिचरच्या खात्यात स्ट्राइकआउट जमा होतो. पहिला बेस भरलेला आणि दोनपेक्षा कमी बाद असताना ही मुभा नाही. नाहीतर कॅचर मुद्दाम चेंडू सोडून एका फेकीत दोघांना बाद करेल.

या नियमाचा सर्वांत मोठा फटका बसला तो ५ ऑक्टोबर १९४१ ला, ब्रुकलिनमध्ये, वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या, चौथ्या सामन्यात. नववा डाव, ब्रुकलिन ४-३ ने पुढे, न्यूयॉर्क यँकीजचे दोन बाद. टॉमी हेनरिकने तिसऱ्या स्ट्राइकवर बॅट फिरवली आणि तो हुकला. सामना संपायला हवा होता. चेंडू कॅचर मिकी ओवेनच्या हातमोज्याला लागून मागे गेला आणि हेनरिक पहिल्या बेसवर पोचला. यँकीजने तिथून चार धावा काढल्या, सामना ७-४ ने जिंकला आणि दुसऱ्या दिवशी मालिकाही.

प्रश्न : एकाच दिवशी दोन संघांकडून हिट घेणारा कोण? (अकोला)

जोएल यंगब्लड, ४ ऑगस्ट १९८२. दुपारी शिकागोत न्यूयॉर्क मेट्सकडून फर्ग्युसन जेंकिन्सच्या चेंडूवर हिट घेतली. सामना चालू असतानाच त्याचा सौदा माँट्रियल एक्स्पोजशी झाला. तो विमानाने फिलाडेल्फियाला गेला आणि रात्री स्टीव्ह कार्लटनच्या चेंडूवर हिट घेतली. दोन्ही पिचर पुढे हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात) गेले.